विकणाऱ्याला कोण सांगणार? ओपनडोअर प्रकरणाचा अभ्यास

अमेरिकेतली ओपनडोअर ही कंपनी घर विकायला निघालेल्या लोकांना एक तक्ता दाखवायची. एका रकान्यात दलालामार्फत बाजारात घर विकलं तर हातात किती पडेल, दुसऱ्यात कंपनीला विकलं तर किती पडेल. जवळजवळ प्रत्येक वेळी कंपनीच्या रकान्यातला आकडा काही हजार डॉलरने मोठा असायचा. 1 ऑगस्ट 2022 रोजी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने, म्हणजे एफटीसीने, जाहीर केलं की ही तुलना फसवी होती. कंपनीला विकणाऱ्या बहुतेकांना बाजारात विकून मिळाले असते त्यापेक्षा हजारो डॉलर कमी मिळाले, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने 6 कोटी 20 लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आरोप मात्र तिने मान्य केले नाहीत.

या प्रकरणाकडे सहसा 'बड्या कंपनीला दंड' एवढंच म्हणून पाहिलं जातं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कंपनी अडकली ती तिने जे सांगितलं त्यापायी. जे तिने पोटात ठेवलं, ते उघड करायला लावणारा नियम तेव्हा तिच्यासाठी नव्हता, आणि मोठ्या प्रमाणात आजही नाही.

आधी धंदा समजून घेऊ. ओपनडोअर 2014 साली सुरू झाली, पहिली बाजारपेठ अ‍ॅरिझोनातलं फीनिक्स. घरमालकाने संकेतस्थळावर पत्ता टाकायचा, खोल्या किती, स्वयंपाकघर कधी नवं केलं, छताची स्थिती काय, अशा प्रश्नांची उत्तरं द्यायची, की कंपनी तिच्या गणितावरून एक भाव सांगते. पसंत पडला तर कंपनीचा माणूस घर पाहून जातो, डागडुजीची यादी निघते आणि तेवढी रक्कम भावातून वजा होते. सेवाशुल्कही वजा होतं. मग व्यवहार कधी पुरा करायचा ती तारीख मालकाने निवडायची. लोकांच्या रांगा नाहीत, रविवारी घर झाडूनपुसून अनोळखी माणसांना दाखवणं नाही, खरेदीदाराचं कर्ज ऐनवेळी नामंजूर होण्याची धाकधूक नाही. कंपनी स्वतःच्या नावावर घर घेते, किरकोळ दुरुस्त्या करते आणि पुन्हा विकते. ही सोय खरी आहे आणि सोयीला किंमत असते, यात गैर काही नाही. प्रश्न होता तो ही किंमत विकणाऱ्याला दिसत होती का, हा.

एफटीसीच्या तक्रारीत चार दावे खोटे किंवा दिशाभूल करणारे ठरवले होते. एक, आमचा भाव म्हणजे घराची अंदाजित बाजारकिंमत, हा. प्रत्यक्षात त्या किमतीतून आधीच काही कपात केलेली असायची. दोन, आमची कमाई फक्त सांगितलेल्या शुल्कातून होते, हा. आयोगाच्या म्हणण्यानुसार कंपनी स्वस्तात घेऊन महाग विकण्यातूनही कमावत होती. तीन, डागडुजीचा खर्च दोन्हीकडे सारखाच येईल, हा. चार, एकूण खर्च आमच्याकडे कमी, हा.

हे चार दावे एकाच तक्त्यात कसे मिसळतात ते आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. पुढचे आकडे माझे आहेत, निव्वळ उदाहरणादाखल. समजा, घराची खरी बाजारकिंमत 4 लाख डॉलर. तक्त्यात दोन्ही रकाने 4 लाखांपासून सुरू होतात. बाजाराच्या रकान्यात दलाली 6 टक्के म्हणजे 24,000, खरेदीदाराला द्याव्या लागणाऱ्या सवलती आणि किरकोळ खर्च 12,000, डागडुजी 3,000. उरले 3,61,000. कंपनीच्या रकान्यात शुल्क 7 टक्के म्हणजे 28,000, डागडुजी तीच 3,000. उरले 3,69,000. म्हणजे कंपनीला विकलं तर 8,000 डॉलरचा फायदा. शुल्क दलालीपेक्षा जास्त आहे हे तक्ता लपवतही नाही, उलट सरळ छापतो. प्रामाणिकपणाचा हा देखावाच माणसाला गाफील करतो.

आता तेच घर, पण प्रत्यक्षात. कंपनीचा भाव 3,88,000, कारण 3 टक्के वरच्या वर कापले. शुल्क 27,160. पाहणीनंतरची डागडुजी 8,000. हातात 3,52,840. बाजारात मात्र 4 लाखांतून दलाली 24,000, सवलती तक्त्यात दाखवल्या त्यापेक्षा कमी, समजा 5,000, डागडुजी 3,000. हातात 3,68,000. फायदा गेला आणि 15,160 चा तोटा पदरात पडला. गंमत अशी की सगळ्यात मोठा फरक पडला तो पहिल्याच ओळीत, जिथे कोणी वजाबाकी शोधतच नाही.

इथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. खरेदीदाराला घराची किंमत विकणाऱ्यापेक्षा चांगली कळत असेल, तर ती त्याने सांगायला हवी का? अमेरिकन कायद्याचं उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे आणि ते तंबाखूच्या व्यवहारातून आलं. फेब्रुवारी 1815, न्यू ऑर्लिन्स. ब्रिटनशी तह झाल्याची बातमी एका व्यापाऱ्याला पहाटे कळली. शहरभर ती पसरायच्या आत त्याने लेडलॉ कंपनीकडून तंबाखूचे 111 मोठे पिंप विकत घेतले. भाव वाढेल अशी काही खबर आहे का, असं त्याला विचारलंही गेलं होतं. तह जाहीर झाला, नाकेबंदी उठणार म्हणून भाव 30 ते 50 टक्क्यांनी चढला. लासलगावच्या बाजार समितीत निर्यातबंदी उठल्याची खबर एकालाच आधी लागावी आणि त्याने सकाळच्या लिलावात जुन्या भावाने कांदा उचलावा, तसाच हा प्रकार. 1817 साली सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी म्हटलं की अशी माहिती सांगायला खरेदीदार बांधील नाही. मात्र समोरच्याची फसगत होईल असं काही बोलायचं किंवा करायचंही नाही. गप्प बसण्याची मुभा आहे, फसवं बोलण्याची नाही, ही रेघ तेव्हा आखली गेली.

ओपनडोअर त्या रेघेच्या चुकीच्या बाजूला सापडली, कारण तिने तक्ता छापला. एफटीसीने वापरलेला कायदा 1914 चा. फसवणुकीच्या व्यवहारांना मनाई करणारे शब्द त्याच्या कलम 5 मध्ये 1938 साली आले. घरविक्रीसाठी म्हणून त्यात काही नाही. साबणाच्या जाहिरातीला जे कलम लागतं तेच घरालाही लागलं. कंपनीने तक्ता न दाखवता फक्त 'आमचा भाव 3,88,000, घ्या नाहीतर सोडा' एवढंच म्हटलं असतं, तर आयोगाच्या हाती फारसं काही लागलं असतं असं मला वाटत नाही.

घरांच्या व्यवहारात माहिती उघड करायचे नियम अमेरिकेत भरपूर आहेत, पण ते जवळजवळ सगळे विकणाऱ्यावर आहेत. अ‍ॅरिझोनाचंच घ्या. 1986 च्या हिल विरुद्ध जोन्स या निकालात घर घेणाऱ्यांना लाकडी जमिनीवर एक उंचवटा दिसला होता. ही वाळवी तर नाही ना, असं त्यांनी विचारलं. पाण्याने झालंय, असं उत्तर मिळालं. वाळवी आधीही लागलेली होती आणि विकणाऱ्यांना ते माहीत होतं. न्यायालयाने म्हटलं, घराच्या किमतीवर मोठा परिणाम करणारी, सहज न दिसणारी आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट विकणाऱ्याने सांगितलीच पाहिजे. आज तिथे घर विकणारा माणूस पानंच्या पानं भरून देतो: छत कधी गळलं, वाळवीचं औषध कधी मारलं, गच्चीवरचं एसी युनिट किती जुनं. घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगातल्या शिशाबद्दलचा केंद्रीय नमुना वेगळा.

या सगळ्यामागचं गृहीतक साधं आहे. विकणारा त्या घरात दहा वर्षं राहिलाय, घेणारा अर्धा तास फिरून गेलाय, त्यामुळे अज्ञानी कोण ते ठरलेलं. घेणारा एखादं कुटुंब असतं तोवर हे बरोबर आहे. घेणाऱ्याकडे त्या गल्लीतल्या प्रत्येक विक्रीचा आकडा, पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज आणि हजारो घरांच्या डागडुजीची बिलं असतील, तर माहितीचं पारडं उलटं होतं. कायदा मात्र जुन्याच पारड्याकडे बघत बसतो. घेणाऱ्यानेही काही सांगायला हवं हे अ‍ॅरिझोनाला अगदी अमान्य होतं असंही नाही. 2000 साली लोम्बार्डो विरुद्ध अल्बू या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की खरेदीदाराची पैसे भरायची ऐपत डळमळीत असेल तर त्याच्या दलालाने ते विकणाऱ्याला सांगितलं पाहिजे. पण ते व्यवहार पुरा होईल की नाही याबद्दल झालं. भाव योग्य आहे का, हा मुद्दा त्यात येत नाही.

ओपनडोअरवर कारवाई झाली त्याच वर्षी अ‍ॅरिझोनाने गुंतवणूकदार खरेदीदारांसाठी एक कायदा केला. सप्टेंबर 2022 पासून तो लागू आहे. निवासी मालमत्तेचा करार करून तोच करार पुढे तिसऱ्याला विकणाऱ्याला तिथे 'होलसेल बायर' म्हणतात. अशा माणसाने बंधनकारक करार होण्याआधी विकणाऱ्याला लेखी सांगायचं की मी होलसेल बायर आहे. नाही सांगितलं, तर व्यवहार पुरा होईपर्यंत विकणारा कधीही करार मोडू शकतो आणि इसाराची रक्कमही ठेवू शकतो. कायदा छोटा आहे, पण त्याला दात आहेत. दंडासाठी कुठल्या खात्याच्या दारात जावं लागत नाही, हत्यार थेट विकणाऱ्याच्या हातात दिलंय, आणि हीच त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. भिंतीवर 'आम्ही घरं रोखीने घेतो' असे फलक लावणाऱ्या, स्वतःच्या खिशात पैसे नसताना वृद्ध मालकाकडून कमी भावात करार करून घेणाऱ्या आणि तोच करार दुसऱ्या दिवशी वीस-तीस हजार चढवून विकणाऱ्या मंडळींना हा कायदा बरोबर लागू पडतो.

ओपनडोअरला मात्र तो लागत नाही. ती करार पुढे विकत नाही, घर स्वतःच्या नावावर घेते. थोडक्यात, कायद्याने 'तुम्ही खरे खरेदीदार आहात का' हा प्रश्न सोडवला. 'खऱ्या खरेदीदाराला तुमच्या घराची किती किंमत माहीत आहे' हा प्रश्न तसाच राहिला. इतर राज्यांचे कायदेही बहुतांशी याच वाटेने गेले. ओक्लाहोमाने 2021 मध्ये होलसेलरांना परवाना सक्तीचा केला, पेनसिल्व्हेनियाने 2024 च्या कायद्याने परवाना आणि विकणाऱ्याला करार रद्द करायचा हक्क दिला.

याहून खोल गेलेला कायदा कॅलिफोर्नियाचा आहे आणि तो 1979 चा. कर्जाचे हप्ते थकून लिलावाची नोटीस लागलेलं राहतं घर गुंतवणूकदाराने घेतलं तर सगळ्या अटी लेखी हव्यात, विकणाऱ्याला साधारण पाच कामकाजाचे दिवस करार रद्द करता येतो, आणि ती मुदत संपेपर्यंत गुंतवणूकदाराने खरेदीखतावर सही घ्यायची नाही की ते नोंदवायचं नाही. शिवाय वाटाघाट मुख्यतः ज्या भाषेत झाली त्याच भाषेत करार हवा. फ्रीमाँटमधल्या एखाद्या घराचा सौदा मराठीत ठरला तर तिथे मराठी करारपत्र लागेल, असं हे कलम शब्दशः वाचलं तर निघतं! पण हा कायदाही फक्त अडचणीत सापडलेल्या घरांपुरता आहे.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. आयोगाच्या आरोपांशी आम्ही ठामपणे असहमत आहोत, हे सगळं 2017 ते 2019 मधल्या जाहिरातींबद्दल आहे आणि त्या आम्ही केव्हाच बदलल्या, असं तिचं निवेदन होतं. शिवाय हा धंदा काही हमखास नफ्याचा नाही. याच खेळात उतरलेल्या झिलो या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने चढ्या भावाने घरं घेऊन ठेवली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये घरखरेदीचं दुकान बंद करायचं जाहीर केलं. 2022 मध्ये व्याजदर चढले, घरांचे भाव घसरले आणि ओपनडोअरला सुमारे 1.4 अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला. त्या वर्षीच्या वसंतात जे तिला घर विकून मोकळे झाले त्यांनी बहुधा बाजारापेक्षा बरंच कमावलं. एवढं मान्य करूनही तक्त्याचा बचाव होत नाही. कंपनी पुढे तोट्यात गेली म्हणून 2018 मध्ये विकणाऱ्याला दाखवलेला रकाना खरा ठरत नाही.

आदेशाने काय बदललं? घर आम्हाला विकल्याने खर्च, बचत किंवा फायदा किती, आणि पारंपरिक विक्रीला खर्च किती येतो, यांबद्दल कंपनीने काही म्हटलं तर त्याला सक्षम, विश्वासार्ह पुरावा हवा. आदेश मोडला तर प्रत्येक उल्लंघनाला, 2022 च्या दराने, 46,517 डॉलरपर्यंत दंड. हे चांगलंच झालं. पण पुरावा लागतो तो बोललात तर. बाजारकिंमतीचा आमचा अंदाज अमुक, त्यातून कापले तमुक, गेल्या वर्षी या भागात घेतलेली घरं आम्ही सरासरी इतक्या फरकाने विकली, असं सांगायला आदेश कंपनीला भाग पाडत नाही. माझ्या मते भावाच्या पत्रात या तीन ओळींची सक्ती असती तर तक्त्यावर पुराव्याची अट घालायची गरजच पडली नसती. हिशोब विकणाऱ्याने स्वतःच केला असता.

भरपाई 2024 मध्ये वाटली गेली. 54 हजारांहून जास्त लोकांना मिळून सुमारे 6 कोटी 20 लाख डॉलर, म्हणजे माणशी सरासरी 1,100 डॉलरच्या आसपास. नुकसान 'हजारो डॉलर' होतं असं आयोगच म्हणत होता. बाकीचा फरक विकणाऱ्यांच्या खात्यावरच राहिला.

भारतातल्या कायद्यात या बाबतीत एक जुनं कलम आहे, आणि वकील सोडून फारसं कोणी ते उघडून पाहत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्याने दोष सांगायचे हे तर आहेच, पण त्याच कलमात खरेदीदारावरही बंधन आहे. विकणाऱ्याच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती याबद्दल एखादी गोष्ट खरेदीदाराला माहीत असेल, विकणाऱ्याला माहीत नसावी असं मानायला जागा असेल आणि तिने त्या हक्काची किंमत बरीच वाढत असेल, तर खरेदीदाराने ती सांगायची. सातबाऱ्यावर एक हिस्सा आजोबांच्या नावे राहिलाय आणि तो तुमच्याकडे येतो हे बिल्डरला कळलं असेल, तर त्याने गप्प बसायचं नाही. मात्र हे बंधन हक्कापुरतं आहे. शेजारून मेट्रो जाणार आहे ही खबर त्यात बसवणं कठीण. आणि रेराचा कायदा घर घेणाऱ्याला जपतो, आपला फ्लॅट गुंतवणूकदाराला विकणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेतल्या मराठी माणसाला मात्र हे प्रकरण थेट भिडतं. चँडलर, प्लॅनो, शार्लट, अटलांटाची उपनगरं, जिथे आपली माणसं घरं घेऊन राहतात, तिथेच या कंपन्यांचा बाजार आहे. एच-1बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या दिवसांत 'तीन आठवड्यांत पैसे खात्यात' हे शब्द कानाला गोड लागणारच. अशा वेळी निदान एवढं करावं: भाव मान्य करण्याआधी एखाद्या स्थानिक एजंटाकडून गेल्या तीन महिन्यांतल्या शेजारच्या विक्रींचा अहवाल मागवावा. तो बहुतेक जण फुकट देतात. डागडुजीची यादी आली की तिचं दुसरं एस्टिमेट घ्यावं. आणि करारात खरेदीदार म्हणून नाव कोणाचं, ते नाव बदलायची मुभा आहे का, हे सही करण्याआधी वाचावं.

घर ठेवून पुण्याला परतलेल्यांसाठी आणखी एक ओळ आहे, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाही. विक्रीच्या वर्षी तुम्ही करासाठी परदेशी ठरलात, तर खरेदीदाराला विक्रीच्या रकमेच्या 15 टक्के कापून अमेरिकन करखात्याकडे भरावे लागतात. नफ्याच्या नव्हे, पूर्ण रकमेच्या. घेणारी व्यक्ती स्वतः राहायला घर घेत असेल आणि किंमत 3 लाख डॉलरपर्यंत असेल तर ही कपात माफ होते, 10 लाखांपर्यंत 10 टक्क्यांवर येते. कंपनी राहायला घर घेत नाही, त्यामुळे तिला विकताना ही सूट नाही. 4 लाखांच्या घरावर 60,000 डॉलर अडकतात आणि पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर जास्तीचे परत येतात. कपात कमी करून घ्यायची असेल तर व्यवहार पुरा होण्याच्या दिवसापर्यंत फॉर्म 8288-बी करखात्याकडे गेलेला असावा लागतो.